दशांश गुरुजी

आदिलाबादेत कुणालाही विचारा, पैनगंगा किती लांब? साधा माणूस म्हणेल, "हे काय, हायवेनं सरळ जा, पूल लागते." दशांश गुरुजी आधी तुम्हालाच विचारतील, "कुठून मोजू? आणि किती सार्थ अंकांपर्यंत?" तोवर तुमची बस सुटलेली असते.

मराठी माध्यमाच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही जात तेलंगणा-महाराष्ट्र सीमेवरच्या गावागावांत एखाददुसरी सापडते. मोजताना जेवढे अंक खात्रीनं दिसले तेवढे, वर अंदाजाचा एक, हेच सार्थ अंक; त्यापुढचा प्रत्येक आकडा म्हणजे थाप, असा बाणा. पट्टीवर खुणा मिलिमीटरच्या असताना पोरानं 26.3478 सेंटिमीटर लिहिलं की त्याचा कान पिळला जाई. कान पिळताना मात्र गुरुजींनी कधी मोजमाप ठेवलं नाही.

पाहुणे आले की त्यांना कुंतालाला नेतात. कडम नदीवरचा हा धबधबा 45 मीटर, म्हणजे 147 फूट, असं छापलेलं असतं. पाहुणे पाणी बघतात, गुरुजी 147 बघतात. "45 मध्ये अर्धा मीटर इकडचा तिकडे झाला तरी दीड फूट हलतो. मग हा वरचा सातवा फूट कुणी पाहिला? दीडशे म्हणा!" दीडशे म्हटल्यावर पाणी तीन फूट जास्त उंचावरून पडणार का, अशी पाहुण्यांच्या पोरानं शंका काढली, की 150 मधलं शून्य सार्थ की नुसतंच जागा धरून बसलेलं, यावर प्रवचन सुरू होतं आणि डबे गार होतात.

नागपूरला जाताना हिंगणघाट आलं की गुरुजी हात जोडतात. देवळाला नव्हे. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आद्य पुरुष विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाला होता, तो 1823 मध्ये तिथंच वारला. "आणि त्याच मोजणीवाल्यांनी पुढे काय केलं? एव्हरेस्टची उंची बरोब्बर 29,000 फूट आली, तर लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून 29,002 जाहीर केली म्हणतात!" त्या दोन फुटांचा राग गुरुजींच्या मनात 1856 पासून आहे.

पण त्यांचा खरा हंगाम कापसाचा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर टक्क्यामागे टक्का कपात, आणि बाराच्या वर गेला की कापूस घरी. आदिलाबादची थंडी आणि दव काही हमीभाव बघून पडत नाहीत. गाडीत एकीकडे मीटर खुपसलं तर 11.8, दुसरीकडे 12.1, तिसरीकडे 12.3. मोबाइलवर सरासरी निघाली 12.0666667.

"इतके सहा कुठून आणले?" गुरुजी गरजले. "एकच दशांश ठेव! 12.1."

"गुरुजी, तुमी कोनाच्या बाजूचे?"

गुरुजी थबकले. तिन्ही आकडे पुन्हा पाहिले आणि चेहरा उजळला. एकाच गाडीत अर्धा टक्का फरक पडतोय, तर दशांशावर विसंबायचंच कशाला? पूर्णांक घ्या. बारा! गाडीवाल्यानं पाय धरले. केंद्रावरच्या माणसानं धरले नाहीत. त्याला यंत्रात दिसेल ते लिहायचं असतं. माझ्या मते शास्त्र इथं गुरुजींच्याच बाजूनं आहे. बाराची रेघ आखणाऱ्यानं ती किती जाड आहे, हेही सांगायला हवं होतं.

तेवढ्यात बातमी मागच्या गाडीपर्यंत पोचली. तिचा ओलावा 11.6.

"मग तुझाही बाराच," गुरुजी समदृष्टीनं म्हणाले.

लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये. चार दशांश टक्के फुकट वाढले म्हणजे क्विंटलमागे 32 रुपये 44 पैसे गेले, हा हिशेब त्या शेतकऱ्यानं उभ्या उभ्या तोंडी केला.

"बत्तीस नाही रे," गुरुजींनी दुरुस्ती केली. "0.4 मध्ये सार्थ अंक एकच. तीस म्हण."

"अन् वरचे दोन रुपये चव्वेचाळीस पैसे तुमी देता काय?"