एका क्विंटलाला एक डबा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाला क्विंटलमागे २३६९ रुपये हमीभाव ठरवला. बोनस मिळेल का, मिळाला तर कधी, हा विषय वेगळा. त्यावर गोंदिया जिल्ह्यातला प्रत्येक माणूस जन्मभर पीएच.डी. करतच असतो. आजचा हिशेब त्याहून सोपा आहे. एक क्विंटल धान भरडला की सरकारी प्रमाणाने ६७ किलो तांदूळ निघतो. ६७ किलो तांदळात दोन लाख तीस हजारांहून जास्त कॅलरी असतात. हा धान विकून आलेला पैसा घेऊन शेतकऱ्याचा गोंदियात नोकरीला असलेला मुलगा बाजारात जातो आणि जेवणाऐवजी प्यायच्या पावडरीचा अर्ध्या किलोचा डबा घेऊन येतो. डब्याची किंमत दोन हजार रुपयांच्या आगेमागे, आणि आत कॅलरीही तेवढ्याच, दोन हजारांच्या घरात. दोन लाख देऊन दोन हजार घ्यायचे आणि वजनकाटा खाली आला म्हणून पेढे वाटायचे. खायचे नाहीत, फक्त वाटायचे.

हा व्यवहार तोट्याचा आहे असं म्हणणारा माणूस अडाणी ठरतो. कारण तोटा हाच तर माल आहे.

गोंदियात हल्ली सकाळी सहाला गर्दी दिसते ती रेल्वे स्टेशनवर, नाहीतर न्यूट्रिशन क्लबात. क्लब म्हणजे कोणाच्या तरी घराची पुढची खोली. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. ‘आधी’च्या फोटोत माणूस सुतकात असल्यासारखा उभा आणि ‘नंतर’च्या फोटोत त्याच माणसाने नवा शर्ट घातलेला, पोट आत ओढलेलं. कोपऱ्यात मिक्सर आणि कुल्फीच्या वासाची पावडर. टेबलावर ते यंत्र. यंत्र दोन्ही हातांनी धरायचं, खांदे सरळ ठेवायचे, हलायचं नाही. मग ते शरीरातली चरबी सांगतं, पोटाच्या आतली चरबी सांगतं आणि शेवटी ‘बॉडी एज’ सांगतं. या यंत्राला सांगितलेलं वय कमी करून दाखवताना अजून कोणी पाहिलेलं नाही.

आमच्या ओळखीचे एक राईस मिलवाले शेठजी तिथे गेले होते. कोच म्हणून समोर त्यांच्या मुनीमाची सून.

“काकाजी, तुमचं खरं वय किती जी?”

“अठ्ठावन.”

“बॉडी एज बहात्तर दाखवून राहिली.”

शेठजी गप्प झाले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या धानात यंत्र खुपसून ओलावा मोजला. सतरा टक्क्यांच्या वर काटा गेला की पोतं परत, नाहीतर भाव कमी. शेतकरी म्हणायचा, “शेठजी, यंत्र बरोबर नसंल.” शेठजी म्हणायचे, “यंत्र खोटं बोलत नाही.” त्या सकाळी यंत्र पहिल्यांदाच त्यांच्या बाजूचं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे तीन डबे घेतले.

आता प्रश्न निवडीचा. शेक घ्यावा की सूप? बार घ्यावा की नुसती प्रथिनांची पावडर? दोन जेवणं पावडरीची आणि एक ताटातलं, की तिन्ही पावडरीची? परदेशात लोक यावर डोकं लावतात, घटकांचे तक्ते वाचतात, दर मापामागे प्रथिनं किती ते पाहतात. आमच्याकडे एवढा त्रास नाही. इथे डबा निवडताना एकच घटक पाहतात: विकणारा आपला कोण लागतो. धाकट्या साळ्याने एका कंपनीची साखळी धरली असेल तर त्या कंपनीची पावडर शास्त्रशुद्ध. साडभाऊ दुसऱ्या कंपनीत ‘सुपरवायझर’ असेल तर त्या पावडरीत सोयाबीन, आणि सोयाबीन वाईट. दोघंही एकाच घरी राखीला आले की बहिणीला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी पावडर प्यावी लागते. तिचं वजन कमी होतं, पण त्याचं श्रेय कोणाला यावरून घरात जे होतं त्यात बऱ्याच कॅलरी जळतात.

कोचसुद्धा साधा नसतो. कालपर्यंत तो एलआयसीची पॉलिसी विकत होता. तेव्हाही तो आपल्या मरणाचीच काळजी करत होता. छातीवर बिल्ला असतो: ‘वजन कमी करायचंय? मला विचारा.’ विचारलं की तो वजनाबद्दल पाच मिनिटं बोलतो आणि उरलेला पाऊण तास आपल्या हाताखाली चार माणसं कशी जोडावीत, यावर. चौथ्या आठवड्यात ग्राहकाचं चार किलो वजन उतरलेलं असतं आणि तो स्वतः कोच झालेला असतो. हा धंदा असाच वाढत राहिला तर जिल्ह्यात एक दिवस सगळेच कोच असतील आणि जाडा माणूस शोधायला छत्तीसगडात जावं लागेल. डोंगरगड जवळच आहे म्हणा.

थोडं शास्त्रही पाहू. दिवसाला ८०० कॅलरी किंवा त्याहून कमी देणाऱ्या आहाराला ‘अतिअल्प ऊर्जेचा आहार’ म्हणतात. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९५ साली त्याच्यासाठी वेगळं मानक केलं: दिवसाला ४५० ते ८०० कॅलरी, प्रथिनं किमान ५० ग्रॅम, शिवाय जीवनसत्त्वं आणि क्षार ठरल्या प्रमाणात. म्हणजे जगभर ८०० ही वरची हद्द. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता आपण गोंदिया शहरातून निघून देवरी-सालेकसा तालुक्यांतल्या खेड्यांच्या रस्त्याला लागतो आहोत.

या रस्त्यावरही ८०० आहेच. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतल्या साध्या बालकाला ५०० कॅलरींचा पूरक आहार द्यायचा असतो. तीव्र कुपोषित बालकाला ८०० कॅलरींचा. तोही घरच्या जेवणाच्या वर, त्याच्या जागी नव्हे. आकडा तोच. क्लबात ८०० कॅलरी देऊन शेठजींना बारीक करतात आणि अंगणवाडीत ८०० कॅलरी देऊन दोन वर्षांच्या लेकराला जगवतात. दोन्हीकडे माल पाकिटातला, पावडरीचा, वर सूचना छापलेल्या. अंगणवाडीची पाकिटं लेकरांना आवडत नाहीत आणि जनावरांपुढे जातात, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे. त्याला कारणही आहे. त्यात कुल्फीचा वास नसतो, आणि सेविकाताईंच्या छातीवर बिल्लाही नसतो.

राशनचंही तेच. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. २०२३ पासून तेही फुकट. पाच किलो तांदूळ तीस दिवसांत वाटला तर दिवसाला ५८० कॅलरींच्या आसपास पडतात. कोडेक्सच्या ४५० ते ८०० मध्ये अगदी चपखल बसतात! प्रथिनं तेवढी कमी पडतात, पण ते आमच्या लोकांना अपरिचित नाही. म्हणजे रेशन दुकानदार हा या जिल्ह्यातला सर्वांत जुना वेलनेस कोच. त्याच्याकडे मशीनही आहे, फक्त ते चरबीऐवजी अंगठ्याचा ठसा मोजतं आणि नेटवर्क नसलं तर तेही मोजत नाही.

१९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ठरवलं होतं की खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० आणि शहरातल्या माणसाला २१०० कॅलरी परवडत नसतील तर तो गरीब. पुढे दारिद्र्यरेषेचे निकष बदलले, समित्या आल्या आणि गेल्या. पण खेड्याचा जुना आकडा धरला तर ८०० कॅलरींवर राहणारे आमचे शेठजी दारिद्र्यरेषेच्या एक तृतीयांशाच्या खोलीवर आहेत. पिवळ्या कार्डासाठी अर्ज करायला हरकत नाही.

आणि ज्यांनी हा तांदूळ पिकवला त्यांचं काय? रोवणीच्या दिवसांत बाई सकाळी बांधीत उतरते ती संध्याकाळीच सरळ होते. गुडघाभर चिखल, डोक्यावर पाऊस, पाठीवर प्लास्टिकचं मेणकापड, हातात पऱ्ह्याची पेंडी. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे इतकं कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २७२० कॅलरी लागतात. तिला कोणी यंत्र हातात धरायला देत नाही. दिलं तर ‘बॉडी एज’ किती येईल, हे विचारायचीही कोणाला हिंमत होणार नाही. दुपारी धुऱ्यावर बसून ती जे खाते ते भात आणि पातळ वरण, किंवा नुसती पेज. तांदूळ कमी, पाणी जास्त, मीठ. पातळ, कोमट, पोटभर वाटणारी. हीच पेज हवाबंद डब्यात भरून ‘ट्रॅडिशनल ग्लूटेन-फ्री लिक्विड मील’ असं छापलं तर गोंदियाच्या बाजारात दोन हजारांना जाईल. हा धंदा कोणाला करायचा असेल तर कल्पना फुकट घ्या. साडभावाला मात्र सांगू नका.

या पावडरींचा इतिहास मात्र हसण्यासारखा नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘लिक्विड प्रोटीन’चं खूळ आलं. जनावरांची कातडी, स्नायुबंध असल्या उरलेल्या मालातून काढलेली प्रथिनं, त्यात गोडी घालून बाटलीत. दिवसाला तीन-चारशे कॅलरी. लोक झपाट्याने बारीक झाले आणि त्यातले सुमारे साठ लोक मेले. बऱ्याच जणांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. आमच्या व्यापारपेठेतल्या शुद्ध शाकाहारी मंडळींनी बाटलीत काय होतं ते नुसतं ऐकलं तरी दिवसभर जेवण जाणार नाही. त्यासाठी पैसे मोजायला नकोत. पुढे १९८८ साली ओप्रा विन्फ्री या अमेरिकन निवेदिका अशाच द्रव आहारावर बारीक होऊन टीव्हीवर आल्या, सोबत गाड्यावर ६७ पौंड चरबी ओढत. टाळ्या पडल्या. नंतर वजन परत आलं. गाडा परत आणावा लागला नाही, एवढंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर साळा म्हणेल भाटव्याने आकस काढला. २०१७ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनचा एक अभ्यास आला. टाईप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलं. वर्षाने त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. ही थट्टा करण्यासारखी गोष्ट नाही; ज्याच्या घरात साखरेचा रुग्ण आहे त्याला हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. पण त्या अभ्यासात पावडर देणारे दवाखान्यातले प्रशिक्षित लोक होते, पहिल्या दिवशी औषधं डॉक्टरांनी थांबवली होती, आणि पावडर संपल्यावर जेवण हळूहळू, आठवड्याआठवड्याने परत सुरू केलं होतं. डब्यावर यातलं काही छापलेलं नसतं. डब्यावर छापलेलं असतं ‘आता नव्या चवीत’.

जेवण परत सुरू करणं, इथेच गोंदियाकर मार खातो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, बोडीतले मासे, कोंबडा, रात्रभर नाटक, नाटकाच्या पडद्यामागे चहा आणि पडद्यापुढे भजी. तीन महिने पावडरीवर काढलेला जावई सासुरवाडीच्या मंडईला आला आणि म्हणाला, “मले नोको जी, मी शेक आणला,” तर त्याला परत बोलावणार कोण? सासू विचारते, “काहून जी, आमच्या हातचा भात कडू लागते का?” याला उत्तर देणारा वेलनेस कोच अजून जन्माला यायचा आहे. जावई जेवतो. एकदा जेवला की आमच्या झाडीपट्टीतली मंडई महिना-दोन महिने चालते.

ज्यांना पावडर नको त्यांच्यासाठी महाराष्ट्रात दोन पंथ आहेतच. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवायचा. त्याचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारात, त्यामुळे विदर्भाची मान ताठ. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचा. दोन्ही पंथांत डब्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून आमच्या पेठेत दोन्हींवर विश्वास कमी. जी गोष्ट फुकट मिळते ती गुणकारी कशी असेल?

तेव्हा निकाल असा. डबा कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आपण मधुमेहावर काय घेतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ८०० कॅलरींवर उतरलात तर साखर इतकी खाली जाऊ शकते की पुढच्या फोटोला ‘नंतर’ उरत नाही. भराभर वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढतं पोर, किडनीचा रुग्ण यांनी या वाटेला जाऊ नये. गोळी कमी करायचा अधिकार कोचला नाही, राईस मिलला नाही, या सदरालाही नाही. तो डॉक्टरला आहे. आधी रक्त तपासून घ्या. एवढं करूनही डबा घ्यायचाच असेल तर त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आहे का पाहा, आणि विकणारा सख्खा साळा असला तरी पक्कं बिल मागा.