बिनपगारी खुळ्यांची थोरवी

गावच्या पुलाला तडा गेला की शहाणा माणूस दुसऱ्या रस्त्याने जातो. खुळा मोबाइल काढून तड्याचं चित्रण करतो, माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रकाची प्रत मागतो आणि सगळं यूट्यूबवर टाकतो. त्याला ना पगार, ना अधिस्वीकृतीपत्र, ना वकील. या खुळेपणाची थोरवी मी मनापासून गातो.

पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. असा कायदा हवाच होता. पण त्याच्या व्याख्येत बसतो तो माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीवर असलेला माणूस. संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार, अगदी मुद्रितशोधकसुद्धा. वाळूच्या डंपरमागे एकटा फिरणारा खुळा मात्र त्यात नाही. लाठी तीच, डोकंही तसंच. त्याचं नाव तेवढं कुणाच्या हजेरीपटावर नाही.

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख राज्यघटनेत का नाही, याचं उत्तर डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये दिलं होतं. नागरिकाला नाहीत असे कोणतेही खास हक्क वृत्तपत्राला नाहीत. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच. हे सांगणाऱ्याने स्वतः १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला होता. म्हणजे बोलण्याचा हक्क नागरिकाचा, आणि बोलल्याबद्दल मार बसला तर खास संरक्षण मात्र नोकरदाराचं!

मुकेश चंद्राकर असाच एक खुळा. छत्तीसगडमधल्या बिजापूरचा, ‘बस्तर जंक्शन’ हे स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारा. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर आल्यानंतर, १ जानेवारी २०२५ रोजी तो बेपत्ता झाला. ३ जानेवारीला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. पत्रकार संरक्षणाचा कायदा त्या राज्याने २०२३ मध्येच केला होता. नुसत्या कायद्याने जीव वाचत नाही, हे खरंच. पण आपल्या राज्यात ज्याचं नावच कायद्याला माहीत नाही, त्याच्यासाठी पोलीस ठाण्यात बोट कोणत्या कलमावर ठेवायचं?

यूट्यूबवर खंडणीखोरही आहेत, मान्य. त्यांच्यासाठी खंडणीचं कलम आहे, ते लावा. पण २०१७ च्या कायद्यातली व्याख्या बदला. नोकरी कुठे, हे विचारू नका. काम काय करत होता, ते विचारा. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एवढंच पत्र लिहा.