एका शोभेच्या कमानीच्या निर्मात्यास अनावृत पत्र

माननीय वास्तुविशारद महोदय,

सा. न. वि. वि.

आमच्या इमारतीचं रंगीत चित्र माहितीपत्रकावर छापून झालं, आपलं मानधन आपल्याला पोचलं आणि आपण पुढच्या कामाला लागलात, त्याला बरीच वर्षं झाली. मागे राहिलेल्यांची ख्यालीखुशाली आपल्याला कोण कळवणार? म्हणून मीच कळवतो. सहाव्या मजल्यालगतच्या आपल्या रोमन कमानीत अखेर बिऱ्हाड आलं आहे. गांधीलमाश्यांचं. जागेवर इतकं खूश बिऱ्हाड आमच्या सोसायटीत दुसरं नाही. पार्किंगची तक्रार नाही, पाण्याची नाही.

आठवण असावी म्हणून सांगतो : भिंतीपासून दीड-दोन हात पुढे आलेली, आतून पोकळ, खाली खिडकी नसलेली आणि कसलंही ओझं न पेलणारी अशी ती कमान आहे. माहितीपत्रकात तिचा उल्लेख ‘युरोपियन एलिव्हेशन’ असा होता. तिचा उपयोग काय, असं आमच्यातले काही अरसिक लोक विचारत असत. त्यांची तोंडं आता बंद झाली आहेत. खिडक्याही.

गांधीलमाशीला काय लागतं याचा आपला अभ्यास पाहून मी थक्क आहे. पोळं टांगायला तिला छत लागतं आणि ते पावसापासून राखावं लागतं, कारण मधमाशीसारखं तिच्याकडे मेण नाही. तिचं घर कागदाचं. सुकं लाकूड, वाळक्या काड्या कुरतडायच्या, तो भुसा लाळेत मळायचा आणि त्याचे षटकोनी कप्पे रचायचे. मुंग्या अळ्यांवर टपलेल्या असतात, म्हणून सगळा डोलारा एका बारीक देठावर लोंबकळत ठेवायचा आणि त्या देठाला मुंग्यांना नकोसा वाटणारा अंगातला स्राव चोपडायचा. (आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने तो देठ एकदा पाहून यावा, असं मी सुचवलं होतं.) पावसाची आणि छताची अट कुठल्याही गोठ्याच्या वळचणीला पुरी होते. पण माणसाचा हात, काठी, शिडी यांतलं काहीही कधीच पोचणार नाही, अशी जागा काढायला पदवीच लागते.

या क्षेत्रात आपल्याआधी काम झालं आहे, हे नम्रपणे नमूद करतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीचा काही दशकं अभ्यास केला. २००१ साली त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. आमच्याकडच्या बहुधा त्याच जातीच्या. तिथे या माश्यांसाठी जाळीची खास खोली बांधली. जाळीची भोकं अशी बेतलेली, की या माश्या खुशाल ये-जा करतील, पण त्यांची पिल्लं पळवणारी मोठी, पोटावर पिवळा पट्टा असलेली गांधीलमाशी आत शिरणार नाही. बांधण्याआधी आत कोण येईल, बाहेर कोण जाईल, याचा विचार केलेली ती इमारत. आपण जाळीचा खर्च वाचवलात.

आमच्या चेअरमननी सुरुवातीला सामोपचाराचा सूर लावला होता. त्यांच्या प्रमुखाला काय ते कळू द्या, म्हणाले. अडचण अशी, की या जातीत राणी ओळखू येत नाही. ती इतरांसारखीच दिसते, कोणावर डाफरत नाही, गरीब स्वभावाची असते. ती गेली, की लगेच एकजण पुढे येते आणि काही दिवस भलतीच आक्रमक वागते. मग राणीपदावर स्थिरावली, की तीही निवळते. पुढचा नंबर कोणाचा, हे पाहणाऱ्याला आधी सांगता येत नाही. त्यांचं त्यांना मात्र ठाऊक असतं, आणि त्यावरून भांडण होत नाही. आमच्या मागच्या निवडणुकीचा विषय मी इथे काढत नाही.

आता पोळं काढण्याचं. मुळात त्या बाजूच्या आमच्या खिडक्या सरकत्या आहेत, म्हणजे निम्म्याच उघडतात. त्या निम्म्यातही ग्रिल. वाड्यातल्या खिडकीतून कमरेपर्यंत वाकून पलीकडचा कौलारू कोपरा झाडणाऱ्या आजीला आपण इथे उभं केलं असतं, तर तिचा फक्त हात बाहेर आला असता. तरी सातव्या मजल्यावरच्या उत्साही मंडळींनी बांबू आणला. तो लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने वर नेला. त्याचं टोक खिडकीबाहेर गेलं तेव्हा बुडखा शेजारच्या जोशीकाकूंच्या देवघरात होता, आणि एवढं करून कमानीच्या पोकळीत वळायला त्याला कोपर नव्हतं. पुढची सूचना पलित्याची होती, रॉकेल नाही मिळालं तर पेट्रोलचा. ती देणाऱ्या गृहस्थांना मी आपल्या कमानीचं अंतरंग दाखवलं. वरचा लेप जिथे उडाला आहे, तिथे पांढरा थर्माकोल दिसतो. कागदाचं पोळं जळायच्या आत आपलं रोमन साम्राज्य पेटलं असतं.

जोशीकाकूंचा मात्र पोळं काढायलाच विरोध आहे. त्यांच्या कुंडीतल्या लिंबाची पानं दरवर्षी अळ्या फस्त करत. यंदा झाड हिरवंगार आहे. गांधीलमाश्या अळ्या मारतात, चावून त्यांचा गोळा करतात आणि आपल्या पिल्लांना भरवतात. इतकी चोख कीडनियंत्रण सेवा, तीही जीएसटीशिवाय. मला स्वतःला काकूंचं पटतं. माणसांच्या वाटेत नसलेलं पोळं तसंच राहू द्यावं. पण एसीचं बाहेरचं यंत्र कमानीच्या शेजारी बसवायची जागा आपणच ठरवून दिलीत. तिथे ड्रिल लागलं, की भिंत थरथरते, आणि थरथर म्हणजे हल्ला, एवढंच त्या माशीला कळतं. एसीवाला दोन डंख घेऊन, पाना तिथेच टाकून गेला. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो. हिचा तसा रुतत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. कोणाला त्या विषाची ॲलर्जी असली, तर एक डंखही जिवावर बेतू शकतो.

म्हणून शेवटी दोरावर उतरून काम करणारा माणूस बोलावला. इथे आपल्या प्रतिभेचं खरं दर्शन झालं. गांधीलमाश्यांचं काम अंधार पडल्यावर करायचं असतं. सगळ्या पोळ्यावर परतलेल्या असतात, उडायच्या मनःस्थितीत नसतात. दोरावरचं काम दिवसाउजेडी करायचं असतं, नाहीतर माणूस जातो. तरी तो गच्चीवर चढला आणि म्हणाला, “दोर कुठे बांधू?” कठड्याला हात लावला तर तोही शोभेचा. टाकीच्या खांबाला बांधायचा म्हटलं, तर मध्ये सोलरचे पाइप. बांधलाच, तरी कमान पुढे आलेली असल्यामुळे दोर तिच्या बाहेरून लोंबणार, म्हणजे माणूस पोळ्यासमोर हवेत, आत शिरायला आधार नाही, एक हात दोरावर, दुसऱ्यात फवारा, आणि वरच्या दिशेने मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर. त्याने खालूनवरून, आडवंतिडवं नीट पाहिलं आणि मला सांगितलं, “पोळं काढतो की. आधी कमान काढा.”

आपल्या व्यवसायात इतकं नेमकं परीक्षण कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत मालमत्तेच्या आणि सुविधांच्या देखभालीसाठी बारावा भाग नव्याने घातला आहे, हे आपल्याला माहीत असेलच. तो दोरवाल्याने वाचलेला नाही. त्याला फक्त ‘हात कुठून पोचणार?’ एवढा एकच प्रश्न येतो. तो आपल्या चित्रावर कधी कोणी विचारला होता का? कारण आज तिथे गांधीलमाश्या आहेत म्हणून आम्ही मान वर केली. त्याच कमानीमागे सांडपाण्याचा पाइप आहे आणि त्याचा एक जोड ठिबकतो. ओल आमच्या स्वयंपाकघरात उतरली आहे. रंगाच्या वेळी खालपासून परांची बांधावी लागते आणि ती कमानीला वळसा घालून जाते, म्हणून तो भाग कायम मूळ रंगाचा.

बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते, यावर कार्यकारिणीचं एकमत आहे. मतभेद एवढ्यावरच आहे, की आपली कमान ही भिंत आहे, सजावट आहे की चूक. सजावट काढायची तर इमारतीचं दर्शनी रूप बदलतं आणि त्याला आपली संमती घेतलेली बरी, असं चेअरमनचं मत. तरी कृपा करून एका ओळीचं ना-हरकत पत्र द्यावं. द्यायला स्वतः आलात तर उत्तमच. दोर आमच्याकडे आहे.

कळावे, लोभ आहेच.

बी विंगमधला एक रहिवासी

ता. क. : पत्र पाकिटात घालताना कळलं, की पिवळ्या पट्ट्याची ती मोठी गांधीलमाशी कमानीत येऊन गेली. ती लहान माश्यांच्या अळ्या उचलून नेते आणि तिच्या धाडीनंतर पोळं बरेचदा ओस पडतं. काम फुकट होतंय म्हणून कार्यकारिणीने विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. जोशीकाकूंनी तिच्यावर नजर ठेवली. ती आठव्या मजल्यावरच्या कमानीत शिरते. तिला पोकळ जागा आवडतात.