‘हमीभाव’ छापणाऱ्या हातास खुले पत्र

पत्रक लिहिणारे साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, टेबलही ठाऊक नाही. पण तुमचा मजकूर ओळखतो. खरिपाच्या तोंडावर दिल्लीत दर जाहीर होतात आणि तुमची पत्रकं विदर्भातल्या आमच्या दारव्ह्याच्या बसस्थानकापासून कृषी केंद्राच्या काउंटरपर्यंत पोचतात. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीन 5,328, तूर 8,000, मध्यम धाग्याचा कापूस 7,710, लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल. आकडे बरोबर असतात. त्यांच्या डोक्यावर मोठ्या टायपात जो ‘हमीभाव’ असतो, तो खोटा असतो. मूळ इंग्रजी कागदावर त्या जागी ‘सपोर्ट’ आहे. तुम्ही तिथे ‘हमी’ बसवली. हे पत्र त्यासाठी.

तुम्हाला फरक कळत नाही, असं मी मानत नाही. सरकारी योजनेचं नाव लिहायची वेळ आली की तुमच्याच खात्यांना ‘किमान आधारभूत किंमत’ हे शब्द नीट सुचतात. जिथे पुढेमागे कोणी वकील वाचेल, तिथे आधार. जिथे शेतकरी वाचणार, तिथे हमी. तुमची लेखणी एवढी धीट आहे, कारण तिला कधी कोर्टात उभं राहावं लागत नाही.

इंग्रजीत सपोर्ट आणि गॅरंटी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सपोर्ट म्हणजे टेकू. भाव कोसळू लागला तर सरकार काही माल उचलेल आणि बाजार सावरायला बघेल, एवढाच त्यातला इरादा. किती, कुणाचा, कोणत्या तारखेला, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. गॅरंटी म्हटली की मात्र दोन गोष्टी आल्याच: हमी घेतो कोण, आणि पाळली नाही तर त्याचं काय करायचं. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेला कुठलाही माणूस तुम्हाला हे समजावून सांगेल. कर्जदाराने थकवलं की वसुलीवाले जामिनाच्याच दारात उभे राहतात. अनुदानाच्या अर्जाला आम्ही हमीपत्र जोडतो, त्यात माहिती खोटी ठरल्यास कारवाई मान्य असल्याचं लिहून देतो. आमच्या सहीखाली हमी आली की ती आम्हाला बांधते. तुमच्या पत्रकावर आली की नुसती शोभा.

या दरांचा कारभार ज्यांनी सुरू केला, ते शब्दांच्या बाबतीत तुमच्यापेक्षा काटेकोर होते. जानेवारी 1965 मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला गेला, 1966-67 मध्ये गव्हाला 54 रुपये क्विंटल अशी पहिली किमान आधारभूत किंमत ठरली. त्या काळात ‘सपोर्ट प्राइस’ वेगळी आणि ‘प्रोक्युरमेंट प्राइस’ वेगळी असे. पहिली म्हणजे याच्या खाली भाव जाऊ देणार नाही अशी पायरी. दुसरी म्हणजे रेशनच्या धान्यासाठी सरकार ज्या दराने खरंच घेणार तो, आणि तो पहिल्यापेक्षा चढा. पुढे दोन्ही एकात मिसळले. आधाराचा आकडा राहिला, खरेदीचा शब्द गेला.

आता तुम्ही म्हणाल, हमीभाव हा शब्द आम्ही आणला नाही, लोकच वापरतात. वापरतात ना! पण का वापरतात, ते विदर्भात येऊन विचारा. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि 1972-73 पासून आमचा सगळा कापूस सरकारी यंत्रणाच घेऊ लागली. बाहेर विकायला बंदी होती. त्याच्या बदल्यात सरकार दर बांधून देई आणि केंद्रावर गाडी आली की ती घ्यावीच लागे. त्या योजनेत घाण पुष्कळ होती. चुकारे महिनोन्‌महिने रखडले, ग्रेड पाडण्याचा धंदा झाला, पलीकडे भाव चढा असला की कापूस रातोरात आंध्रात गेला, आणि शेवटी तोट्याच्या ओझ्याखाली 2002 च्या सुमारास एकाधिकार संपला. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या तीस वर्षांत ‘हमी’ या शब्दामागे कायदा होता आणि घेणारा होता. आमच्या बापांनी तो शब्द तिथून उचलला. घेणारा निघून गेला, कायदा निघून गेला, आणि रिकामा शब्द तुम्ही तेवढा आमच्याकडे ठेवून दिलात.

त्याचं काय होतं, ते बाजार समितीच्या ओट्यावर दिसतं. 2024 चा ऑक्टोबर. सोयाबीनचा जाहीर दर 4,892 आणि बोली चार हजारांच्या आसपास. ढेरी ओतली, व्यापाऱ्याच्या माणसाने मूठभर दाणे मशिनीच्या वाटीत घातले, ओलावा सोळावर. एका म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेलं पत्रक काढलं आणि पुढे धरलं. “हे पा, यात हमी लिवली हाय.” व्यापाऱ्याने ते वाचायची तसदीही घेतली नाही. “मंग ज्यानं लिवली त्यालेच इका न.” लिलाव पुढच्या ढेरीवर गेला.

साहेब, त्या व्यापाऱ्याने कोणताही कायदा मोडला नव्हता. तो बोलला तेच तुमच्या इंग्रजी कागदात आहे. म्हाताऱ्याची चूक एवढीच की त्याने मराठी कागद वाचला.

सरकारी केंद्रावर का नाही नेला? नोंदणी, सातबारा, पीक पेरा, पासबुक, मग एसएमएसची वाट. केंद्र सुरू झालं तर बारदाना नाही. ओलाव्याची अट बारा टक्के. ती पंधरा झाली नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर मळणीवाला पैशाला बसलेला, कृषी केंद्राची उधारी उभी, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं. हात अडलेला माणूस टेकूची वाट बघू शकत नाही. कापसाचंही तेच. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, घेते, मोठ्या प्रमाणावर घेते, मी नाही म्हणत नाही. पण आठ टक्के ओलाव्याच्या पुढे दर कापला जातो आणि बाराच्या पुढे गाडी परत. दवातल्या वेचणीचा कापूस वाळवायला जागा आणि वेळ ज्याच्याकडे नाही, तो खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो. 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत तर परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्कच उठवलं गेलं. नवा माल बाजारात यायचे दिवस तेच. हमी देणारा असं करू शकत नाही. आधार देणारा करू शकतो, कारण त्याने कसलंच वचन दिलेलं नसतं.

2015 मध्ये केंद्र सरकारनेच नेमलेल्या शांता कुमार समितीने सांगितलं की देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला या दराने माल विकू शकतात. उरलेल्या चौऱ्याण्णवांसाठीही तुम्ही ‘हमी’च छापत राहिलात.

आणि हमी कशी असते ते बघायला परदेशात जावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या दराच्या इंग्रजी नावात गॅरंटी हा शब्द नाही; ‘फेअर’ आहे, ‘रिम्युनरेटिव्ह’ आहे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर; लोक त्याला एफआरपी म्हणतात. पण मागे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, आणि तरी थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढून साखर जप्त करायला लावतात. तिथेही एफआरपी थकते, आंदोलनं होतात. पण त्या शेतकऱ्याच्या हातात दाखवायला कलम असतं. आमच्या म्हाताऱ्याच्या हातात तुमचं पत्रक होतं.

तेव्हा मागणी नेमकी आहे. पुढच्या जूनच्या पत्रकात ‘हमीभाव’ लिहायचा असेल, तर त्याच कागदावर दारव्हा तालुक्यातल्या केंद्राचं नाव, ते कोणत्या तारखेला उघडणार, एकरी किती क्विंटल घेणार, आणि नाकारलेल्या मालाच्या दरातला फरक कोण भरून देणार, हे छापा. खाली सही करा, हुद्द्यासकट. एवढं जमणार नसेल तर ‘किमान आधारभूत किंमत’ लिहा. शब्द अवघड आहे, तोंडात बसायला वेळ लागेल, पण तो वाचून कोणी उधारी अंगावर घेणार नाही, आणि ओट्यावर कोणाला खिशातून पत्रक काढावं लागणार नाही.

उत्तराची वाट पाहतो. ते मराठीतच पाठवा.

दारव्हा तालुक्यातला एक कापूस-सोयाबीनवाला