टी प्लस वन साहेबांस, हरकतीसह

माननीय टी प्लस वन साहेब,
सा. न. वि. वि.

प्रथम अभिनंदन. ते उशिरा होतंय याची कल्पना आहे. २७ जानेवारी २०२३ रोजी बाजारातला शेवटचा शेअरही आपल्या अमलाखाली आला, पत्र तेव्हाच धाडायला हवं होतं. पण आम्ही बॅक ऑफिसवाले त्या दिवसापासून संध्याकाळी मोकळे असतो कुठे? अमेरिकेने आपल्याला मानायला २८ मे २०२४ उजाडू दिला. युरोपने तर ११ ऑक्टोबर २०२७ चा मुहूर्त काढलाय. वॉल स्ट्रीटच्या आधी दलाल स्ट्रीट पोचली, हे वाक्य आमची वरिष्ठ मंडळी प्रत्येक परिषदेत म्हणतात. म्हणू देत. खोटं नाही ते.

पत्र खुलं आहे, तेव्हा चारचौघांना आपली ओळख करून देते. टी म्हणजे सौदा झाला तो दिवस. त्यानंतरच्या कामकाजाच्या एका दिवसात विकणाऱ्याच्या खात्यातून शेअर निघाले पाहिजेत, घेणाऱ्याचे पैसे निघाले पाहिजेत आणि दोन्ही आपापल्या नव्या घरी पोचले पाहिजेत. एवढंच आपलं म्हणणं. मोबाइलवर हिरवं बटण दाबलं की शेअर आपला झाला, असं समजणाऱ्या कोट्यवधी खातेदारांना आपण ठाऊकही नाही. दिवे लागले की वायरमन कुणाला आठवतो!

आपले पूर्वज फार सावकाश होते. आठवड्या-पंधरवड्याचे सौदे साचायचे, मग हिशेब व्हायचा, आणि ज्याला आज द्यायचं नाही तो बदला भरून पुढे ढकलायचा. शेअर म्हणजे कागद. कागदामागे ट्रान्स्फर डीड, डीडवर सही, आणि कंपनीकडच्या सहीशी ती जुळली नाही की गठ्ठा परत. त्याला बॅड डिलिव्हरी म्हणत. विकणारा नागपुरात, दलाल फोर्टात, कंपनी कोलकात्यात, आणि चोरीचे नाहीतर बनावट शेअर या तिघांच्या मधे कुठेतरी. या कागदांनी अमेरिकेचीही फजिती केली होती. १९६८ साली तिथे कागद उपसण्यासाठी शेअर बाजार बुधवारी बंद ठेवावे लागले. आपल्याकडे १९९६ साली डिपॉझिटरी कायदा झाला, शेअर संगणकावर ठेवणारी एनएसडीएल सुरू झाली, कागद हळूहळू विरघळला. मग २००१ मध्ये टी प्लस फाइव्ह, २००२ मध्ये थ्री, २००३ मध्ये टू. त्यानंतर जवळजवळ १९ वर्षं घराण्यात शांतता होती. मग २५ फेब्रुवारी २०२२ ला आपण आलात. आधी सगळ्यात लहान कंपन्यांचे शेअर घेतलेत, मोठ्यांना शेवटी हात घातलात. यातला धूर्तपणा मला आवडला.

आता तक्रारीकडे येते.

साडेतीनला बाजार बंद होतो, टीव्हीवरचे विश्लेषक माइक काढून ठेवतात आणि आमचा दिवस सुरू होतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या फायली उतरतात. कुणी किती द्यायचं, कुणी किती घ्यायचं, त्याचं ऑब्लिगेशन निघतं. देशी गिऱ्हाइकाचं एक वेळ ठीक, पण परदेशी फंडाचे सौदे, त्याचे शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियनने रातोरात कन्फर्म करायचे असतात. फंडाचा मॅनेजर न्यूयॉर्कात. आपला बाजार मिटतो तेव्हा तिथे पहाट असते. कुठल्या खात्यात किती शेअर टाकायचे हे तो उठून, कॉफी पिऊन कळवणार. त्याला रुपये हवेत, डॉलर विकून ते उद्या सकाळपर्यंत उभे राहायला हवेत. मधल्यामध्ये एखाद्या खात्याचा एक आकडा चुकला, तर कस्टोडियन सौदा नाकारतो आणि सगळं ओझं ब्रोकरच्या गळ्यात येतं. आपण येणार म्हटल्यावर २०२१ मध्ये परदेशी संस्थांनी बाजार नियामक सेबीकडे हीच गाऱ्हाणी मांडली होती. त्यांच्या गाऱ्हाण्यांवर परिषदा झाल्या. आमच्या शेवटच्या लोकलवर झाली नाही.

टी प्लस टूच्या काळात अशा चुकीवर एक इलाज होता. उद्या बघू. हा इलाज आपण काढून घेतलात. या देशाचा अर्धा कारभार ज्या दोन शब्दांवर उभा आहे, ते आमच्याच खात्यात निषिद्ध!

सुट्ट्यांचंही तसंच. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. महाराष्ट्रातल्या बँका बंद, शेअर बाजार चालू. म्हणजे सौदे करा, पैसे हलणार नाहीत. १८ चे आणि १९ चे सौदे २० तारखेला एकदमच अंगावर येतात. कालचा माल विकला तर तो खात्यात आहे का, हे गिऱ्हाइकाला फोनवर समजावून सांगताना महाराजांच्या जयंतीच्या दिवशी तोंडून जे निघतं ते इथे लिहीत नाही.

आपले धाकटे बंधू टी प्लस झीरो २८ मार्च २०२४ ला जन्मले. २५ कंपन्यांचे शेअर, तेही ऐच्छिक. सकाळी घ्या, संध्याकाळच्या आत मिळवा. फार कुणी फिरकलं नाही. एकाच शेअरचे दोन बाजार, आणि ज्यात गर्दी नाही त्यात भाव कोण विचारतो? मग ५०० शेअरपर्यंत वाढवायचं ठरलं, मोठ्या ब्रोकरांनी १ मे २०२५ पर्यंत यंत्रणा उभी करावी असं फर्मान निघालं, आणि ती मुदत १ नोव्हेंबर २०२५ वर गेली. ज्याचं काम त्याच दिवशी सेटल होण्याचं, त्याची स्वतःची तारीख लांबत जावी, याहून जास्त मी काही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करते. आमच्यावरचा ताण जितका वाढला तितकी गिऱ्हाइकाची सोय झाली. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकर कंपनीच्या प्रकरणात गिऱ्हाइकांचे शेअर त्यांना न विचारता गहाण टाकून कर्ज उचलल्याचं उघडकीला आलं, २२ नोव्हेंबरला सेबीचा आदेश निघाला आणि ८० हजारांहून अधिक लोकांच्या खात्यांत शेअर परत फिरवावे लागले. मुखत्यारपत्राच्या एका सहीवर काय काय घडू शकतं हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर गहाणाला ओटीपी आला, विक्रीला टीपिन हा परवलीचा आकडा आला, मुखत्यारपत्राची जागा डीडीपीआय या आखूड अधिकारपत्राने घेतली, आणि २५ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेले शेअर ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट गिऱ्हाइकाच्या डीमॅटमध्ये जातात. मधला हात निघाला. चांगलंच झालं. ब्रोकरकडे पडून असलेले पैसेही ठरावीक शुक्रवारी परत करावे लागतात. ते जातात आणि सोमवारी बहुतेक तसेच्या तसे परत येतात. यात कोण सुखावतं ते मला अजून उमगलेलं नाही, पण नियम आहे, आणि कार्वीनंतर नियमाची चेष्टा करायला जीभ रेटत नाही.

तर साहेब, इतकी कामं आपण आम्हाला एका रात्रीत करायला शिकवलीत. म्हणून आता घरचं गाऱ्हाणं सांगते.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत कारकून होते. फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला, तेव्हा त्यांचे शेअर आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या दारात आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वडिलांनी दोन कंपन्यांचे थोडे थोडे घेतले, आईचं नाव जोडीला लावलं. विकायचे म्हणून घेतलेच नव्हते. बोनस येत गेले, सर्टिफिकेटं वाढत गेली, डिव्हिडंडचं वॉरंट चाळीच्या पत्त्यावर येत राहिलं. मग गिरणी बंद, चाळ पाडली, वडील गेले. आज त्या परिसरात गिरण्यांच्या जमिनीवर काय आहे ते आपल्याला माहीतच असेल. एनएसडीएलच्या जोडीची दुसरी डिपॉझिटरी, सीडीएसएल, तिचं कार्यालय तिथेच आहे. म्हणजे लोकांचे डीमॅट शेअर जिथे सांभाळले जातात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आमची वॉरंटं टपालात हरवत होती.

सात वर्षं डिव्हिडंड कुणी उचलला नाही की डिव्हिडंड तर जातोच, मागोमाग शेअरही आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. एका कंपनीचे तसे गेले. दुसऱ्या कंपनीचे फोलिओत अडकले होते. ते आईच्या नावावर करायला अर्ज केला. कंपनीचं नाव घेत नाही, तिचं शेअरदप्तर सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारचंही नाही. त्या खिडकीपलीकडे बसलेली मुलगी माझ्यासारखीच नोकरी करते.

पहिली हरकत आली ती वडिलांच्या नावाची. त्यांना नाव पंढरीच्या देवाचं. इंग्रजीत त्या नावात महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर टी प्लस वन टी, सर्टिफिकेटवर नुसता टी. ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. केलं, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. फाइल फिरून येईपर्यंत महाराष्ट्रात शंभराचा पेपर जाऊन पाचशेचा आला. पुन्हा केलं.

दुसरी हरकत आईच्या नावाची, आणि ही जास्त खोल होती. लग्नात आईचं नाव बदललं. नुसतं आडनाव नव्हे, पाळण्यातलं नावही. तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव ती पुढे जन्मभर वापरत आली. सर्टिफिकेटवर त्या नावाआधी छापलं होतं ‘सौ.’. पॅन कार्डवर सौ. नाही. संगणकाने दोन नावं शेजारी ठेवून पाहिली आणि सांगितलं, जुळत नाहीत. आता नवरा गेल्याचा दाखला ज्या अर्जाला जोडलाय, त्याच अर्जात बाईने आपण सौ. आहोत हे सिद्ध कसं करायचं, याचा नमुना आयएसआर-१ ते ५ यांत कुठेही नाही.

तिसरी, सहीची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आईने ठसठशीत देवनागरीत केलेली सही आणि आजची, थरथरत्या हाताची. आयएसआर-२ वर बँकेच्या मॅनेजरने ती साक्षांकित करायची. आईचं खातं असलेली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि नवे मॅनेजर म्हणाले, ‘आजी, मी आत्ताच बदलून आलोय.’ ज्या माणसाच्या सहीने माझ्या आईची सही खरी ठरणार, त्याला स्वतःची सही करायची भीती वाटत होती. मला त्यांचा राग आला नाही. चुकलं तर त्यांचं निवृत्तिवेतन, नाही केली तर कुणाचंच काही नाही.

साहेब, माझी खरी हरकत इथे आहे. आपल्या राज्यात उशीर करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. विकणाऱ्याने वेळेत शेअर दिला नाही तर ऑक्शन. ऑक्शनमध्येही मिळाला नाही तर क्लोज-आउट, शेवटच्या भावाच्या निदान २० टक्के वर. पैसे कमी पडले तर दंड, मार्जिन कमी तर दंड. म्हणून आम्ही रात्र जागवतो, आणि म्हणूनच आपण दुनियेत मिरवता. आपला वेग संगणकाचा आहे असं सगळे म्हणतात. संगणक रजिस्ट्राराकडेही आहेत. तिथे उशीर झाला तर एक पैसा जात नाही, आणि जो जातो तो हरकतीला उत्तर देणाऱ्याचा. प्रत्येक नव्या हरकतीबरोबर आमच्या अर्जाचं घड्याळ शून्यावर यायचं, आणि एका पत्रात तिन्ही हरकती कळवण्याची घाई कुणाला नव्हती. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार केली. उत्तर वेळेत आलं. उत्तरात तिसरी हरकत होती.

सेबीला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर हस्तांतर बंद झालं, त्यात परत फिरलेली जुनी डीड अडकून पडली होती, तर त्यांच्यासाठी ७ जुलै २०२५ पासून सहा महिन्यांची खिडकी उघडली. फोलिओ गोठवण्याची धमकीही २०२३ मध्ये मागे घेतली. पण खिडकीत उभं कोण राहिलं ते बघा. सगळी माझ्या आईच्या वयाची मंडळी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळ्या कागदांच्या तीन तीन झेरॉक्स.

म्हणून माझा विनंतीअर्ज असा. रजिस्ट्राराने किंवा कंपनीने सर्व हरकती पहिल्याच पत्रात कळवाव्यात. नंतर सुचलेली हरकत बॅड डिलिव्हरी समजावी. ठरलेल्या मुदतीत काम न झाल्यास अर्ज ऑक्शनला जावा आणि तिथेही न सुटल्यास दावेदाराला २० टक्के क्लोज-आउट मिळावं, तेही थेट डीमॅटमध्ये, मधला हात न लागता. मला खात्री आहे, एका आठवड्यात पंढरीच्या देवाच्या नावात किती टी यावर एकमत होईल. आयईपीएफकडचे शेअर सोडवायच्या अर्जालाही हेच लागू व्हावं. आमचा त्यांच्याकडचा अर्ज अजून तिथेच आहे.

दुसऱ्या कंपनीचं काम मात्र झालं. लेटर ऑफ कन्फर्मेशन आलं. १२० दिवसांत डीमॅट करा, नाहीतर शेअर सस्पेन्स एस्क्रो खात्यात जातील असं त्यावर ठळक लिहिलं होतं. आमची वर्षं गेली त्याला मुदत नव्हती, आमच्या हातात आल्यावर लगेच लागली. आईचं डीमॅट उघडायला मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे होते. तिने मिचकावले. शेअर खात्यात आले. ते मी आता विकले तर पैसे उद्या मिळतील, यात मला तिळमात्र शंका नाही.

कळावे,
आपल्या संध्याकाळच्या पाळीतील एक

ता. क. : वरील हरकतींची पूर्तता १२० दिवसांत न झाल्यास आपल्याला सस्पेन्स एस्क्रो खात्यात वर्ग करण्यात येईल. उत्तर पाठवताना सोबत आपल्या नावातल्या ‘वन’चा मूळ दाखला आणि तीन साक्षांकित प्रती जोडाव्यात.