हालअपेष्टांची इंग्रजी परिभाषा : पूर्णा गावाच्या संदर्भात

माणसाच्या छळाची जेवढी सामग्री इंग्रजी भाषेने जमवली आहे तेवढी फार थोड्या भाषांकडे असेल, आणि ही सामग्री आली कोठून याचा माग काढू लागल्यास अभ्यासक न्यायसभा, सोनाराची पेढी, कापडाचा कारखाना आणि रस्ता अशा चार ठिकाणी जाऊन पोहोचतो. यांपैकी कापड भिवंडीत मुबलक आणि रस्त्याचा अनुभव ठाणे-भिवंडी मार्गावरील पूर्णा गावात त्याहून मुबलक असल्याने या शब्दांच्या परीक्षणासाठी पूर्णा हे गाव ऑक्सफर्डपेक्षा सोयीचे ठरते. तेथे वेळेवर पोहोचणे तेवढे सोयीचे नाही.

पासपोर्टच्या रांगेलाही आज जो शब्द लावला जातो त्या ‘ऑर्डील’चा जुन्या इंग्रजीतील अर्थ निवाडा असा होता, आणि हा निवाडा आरोपीच्या हातात तापलेले लोखंड देऊन व तीन दिवसांनी जखमेची पाहणी करून होत असे. रोम येथील १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना या विधीत भाग घेण्यास मनाई केल्यावर युरोपात तो मागे पडला. आपल्याकडे यालाच दिव्य म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश, म्हणजे देवतेच्या स्नानाचे पाणी पिणे, अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीतील तंट्यांत रवादिव्यही चाले, ज्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावा लागे. आधी नखे काढून, हात स्वच्छ धुऊन, पिशवीत बांधून वर मोहर केली जाई, जेणेकरून हाताला काही औषध लावता येऊ नये. हाताची जेवढी ही चौकशी, तेवढी कागदपत्रांची झाली असती तर तेल तापवण्याची वेळच आली नसती, असे आजच्या वकिलाला वाटेल. त्याच्या अशिलाला मात्र तारखांचा अनुभव असल्यामुळे तो तेलाच्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करील.

सोनाराच्या पेढीवरून ‘अ‍ॅसिड टेस्ट’ आली, जिच्यात नायट्रिक आम्ल लावून सोन्याचा खरेखोटेपणा पाहतात. नुसती ‘टेस्ट’ हीसुद्धा मुळात सोने-चांदी शुद्ध करण्याची मूस होती आणि मराठीने तिच्यासाठी ज्या दगडावर सोने घासतात ती कसोटी निवडली, त्यामुळे शब्द भाषा बदलूनही त्याच पेढीवर राहिला.

कापडाच्या कारखान्याने दिलेले शब्द भिवंडीकराला परके वाटू नयेत. इंग्रज मनुष्य चिंतेने व्याकूळ झाला की तो ‘टेंटरहुक्स’वर असतो, टेंटर म्हणजे ओले लोकरी कापड ताणून वाळवण्याची लाकडी चौकट आणि हुक्स म्हणजे तिच्यावरील आकडे. याच चौकटीचे यांत्रिक रूप ‘स्टेंटर’ या नावाने कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत चालते : दोन बाजूंच्या साखळ्यांवरील पिना कापडाच्या किनारी पकडतात, ते रुंदीत ताणतात आणि तसेच ताणलेले गरम हवेच्या कप्प्यांमधून पुढे नेतात. नोकरीतील वार्षिक मूल्यमापनाचे याहून नेमके वर्णन व्यवस्थापनशास्त्राला अद्याप साधलेले नाही. ‘टेन्शन’चेही तसेच. यंत्रमागावर टेन्शन म्हणजे ताण्याच्या सुतावरचा ताण. तो जास्त झाला तर धागे तुटतात, कमी पडला तर कापड सैल निघते, म्हणून तो कमीजास्त करण्याची सोय मागावरच केलेली असते. तशी सोय मालकात नसल्याने त्याचे टेन्शन सगळ्या खात्याला पुरते.

राहिला रस्ता. प्रवासाचा ‘ट्रॅव्हल’ आणि यातनेचा ‘ट्रॅव्हेल’ हे मुळात एकच शब्द असून, तीन खुंट्यांच्या एका लॅटिन छळयंत्राच्या नावापर्यंत त्यांचे मूळ पोहोचते, असे व्युत्पत्तीकार मानतात. हे मत पटवून देण्यास पूर्णा येथे ग्रंथाची गरज पडत नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला हाताशी, या हिशेबाने या पट्ट्यात गोदामे वाढली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येऊन जकात गेली, गोदामे राहिली. ज्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली तिच्या स्थानकांच्या यादीत पूर्णा आहे, आणि तिच्या खांबांसाठी जागा त्याच रस्त्याने दिली.

अशा रस्त्यावर तासन्‌तास अडकलेला ट्रकचालक फोनवर एवढेच सांगतो, “जाम आहे.” ऑर्डील, टॉर्चर, नाइटमेअर हे शब्द त्या मालाची वाट पाहत वातानुकूलित खोलीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या ईमेलमध्ये आढळतात. यावरून असा नियम मांडता येतो की शब्दाचे वजन आणि सोसणाऱ्याचे हाल यांचे प्रमाण व्यस्त असते, आणि माथाडी कामगाराच्या पाठीवर पोते असताना तर भाषा “बाजू, बाजू” इतकी आटोपशीर होते.

याच रस्त्यावर रुळलेल्या एका शब्दाकडे कोशकारांनी लक्ष द्यावे. गोदामाच्या दारात गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ खाली न होता उभी राहिली, तर वाहतूकदार तिचे ‘हॉल्टिंग’ लावतो. इंग्रजीतील बाकी साऱ्या हालअपेष्टा फुकट सोसाव्या लागतात. हिचे निदान बिल करता येते.