छोटा आकडा आपला

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मागा. काउंटरपलीकडून एकच प्रश्न येईल : किती जीबी? आपण ऐटीत सांगणार, एकशे अठ्ठावीस. दोन मिनिटांत सौदा संपला. चूकही तेवढ्याच वेळात झाली.

कारण प्रश्नच अपुरा आहे.

गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवली. खालून येणारा पाइप अर्धा इंची. महापालिकेचं पाणी सकाळी अर्धा तास. सांगा, टाकी मोठी असून उपयोग काय? कार्डाचंही तसंच आहे. किती मावतं हे सगळे विचारतात. किती वेगानं भरतं, हे विचारायचं राहून जातं.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, हार गळ्यात पडतोय. फोटोग्राफरनं बटण दाबून धरलंय. कॅमेरा प्रत्येक फोटो आधी आपल्या पोटात, म्हणजे बफरमध्ये घेतो आणि तिथून कार्डावर उतरवतो. कार्ड संथ असलं की बफर तुंबतो, दिवा लुकलुकत राहतो, शटर हटून बसतं. आता काय, हार पुन्हा घालायला सांगायचा?

लग्नात निदान लाजत का होईना सांगता तरी येईल. ताडोबातल्या वाघाला कोण सांगणार?

म्हणून पाकीट हातात घ्या आणि नीट वाचा. समोर ठळक अक्षरात लिहिलंय : २०० एमबी प्रतिसेकंद. बहुतेक वेळा हा वेग वाचनाचा असतो. म्हणजे घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर किती भरभर उतरतील त्याचा. कॅमेऱ्याला मात्र कार्डावर लिहायचं असतं. लिहिण्याचा वेग पाकिटाच्या पाठीवर बारीक टायपात असतो. काही पाकिटांवर तोही नसतो.

त्या ठळक आकड्याशेजारी आणखी एक शब्द असतो : ‘पर्यंत’. दोनशेपर्यंत. ‘पगार पन्नास हजारांपर्यंत’ अशी जाहिरात वाचून कुणी नोकरी धरतं का? आपण आधी विचारतो, कमीत कमी किती देणार? तोच प्रश्न कार्डाला विचारायचा.

त्याचं उत्तर कार्डावरच छापलेलं असतं. फक्त छोटं.

एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या तिघांनी मिळून आणलं. त्याचे नियम ठरवायला २००० साली एसडी असोसिएशन उभी राहिली. तिनं कमीत कमी वेगासाठी खुणा ठरवून दिल्या. इंग्रजी ‘सी’च्या पोटात १० असेल, तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. ‘यू’च्या पोटात १ असेल तर तेच १०, आणि ३ असेल तर ३०. २०१६मध्ये ‘व्ही’ आला, खास व्हिडिओसाठी. त्याच्यापुढं जो आकडा, तोच किमान वेग : ३०, ६०, ९०. एवढं साधं आहे. मग दुकानात हे कुणी का सांगत नाही?

एकाच कार्डावर ‘यू३’ही असतं आणि ‘व्ही३०’ही. बघणाऱ्याला वाटतं, दोन-दोन परीक्षा पास! हमी दोन्हींची एकच, ३० एमबीची.

आता कॅमेऱ्याकडं या. त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलंय : फोर-के व्हिडिओ, १०० मेगाबिट. आपण घाबरून शंभरच्या वरचं महाग कार्ड शोधायला लागतो. पण कॅमेरा बोलतो बिटमध्ये, कार्ड बोलतं बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८, झाले साडेबारा. व्ही३० कार्डाला हे काम सहज झेपतं. ४०० मेगाबिटचा व्हिडिओ असेल तर ५० एमबी, तिथं मात्र व्ही६० हवं. व्ही९० कार्डाची किंमत व्ही३०च्या कैक पट असते. चौथीतला भागाकार विसरल्याची ही किंमत.

फोटोवाल्यांचं गणित थोडं वेगळं. व्हिडिओला अखंड धार लागते, तिथं ‘व्ही’चा आकडा पुरे. सेकंदाला दहा-दहा फोटो टिपायचे असतील, तर पाठीवरचा लिहिण्याचा वेग शोधा. तो आकडा पाकिटावर छापलेला नसेल तर?

तर पाकीट परत ठेवा.

पुढचा घोळ रोमन आकड्यांचा. ‘यूएचएस’ या अक्षरांपुढं एक उभी दांडी असते किंवा दोन. ‘यू’च्या पोटातल्या एक आणि तीनशी त्यांचा संबंध नाही. या दांड्या रस्ता किती रुंद आहे ते सांगतात. एक दांडी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी, दोन असतील तर ३१२. कार्ड उलटं करून पाहा. दोन दांड्यांच्या कार्डाला पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग असते. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत ती दुसरी रांग धरायची सोय नसेल, तर कार्ड चालतं, पण पहिल्याच रांगेच्या वेगानं. पैसे मात्र दोन्ही रांगांचे गेलेले असतात.

मग एका दांडीच्या कार्डावर २०० कसं काय छापतात? रस्ताच १०४चा, गाडी २००नं कशी धावली? कंपन्यांनी आपापली जादा पद्धत बसवली आहे. तो वेग त्यांच्याच रीडरमध्ये कार्ड घातलं तर मिळतो. तुम्ही फोटो रीडरनं काढता का?

काही कार्डांवर इंग्रजी ‘ए’ आणि पुढं १ किंवा २ असतं. ती खूण फोनसाठी आहे, कार्डावर ॲप ठेवायची असतील तर. कॅमेऱ्याला त्याचं काहीच कौतुक नाही. या ‘ए’साठी कुणी शंभर रुपये जास्त मागितले, तर ते खिशातच राहू द्या.

फोनचंच छोटं कार्ड अडॅप्टरमध्ये बसवून कॅमेऱ्यात घालणारेही आहेत. चालतं. पण जिथं एक जोड होता तिथं दोन झाले, आणि पाइप फुटतो तो जोडापाशीच. पूर्ण आकाराचं कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटरचं. तेवढी जागा कॅमेऱ्यानं आधीच करून ठेवली आहे ना?

आता उलटा प्रकार. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर जुना डिजिटल कॅमेरा सापडतो. घरातल्या कॉलेजवालीला तो फार आवडतो. चार्जिंग होतं, कॅमेरा सुरू होतो, नवं कोरं ६४ जीबीचं कार्ड आत जातं आणि पडद्यावर ‘कार्ड एरर’. कॅमेरा बिघडला म्हणून तो पुन्हा माळ्यावर. बिघडलेलं काहीच नसतं.

पहिली एसडी कार्डं २ जीबीपर्यंतची. २००६मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. २००९मध्ये एसडीएक्ससी, थेट २ टीबीपर्यंत. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवं कार्ड वाचत नाही. २००४च्या कॅमेऱ्याला २ जीबीचंच कार्ड द्या, तो खुशीत चालेल. आणि आधी खाच बघा. १९९८चं सोनीचं मेमरी स्टिक किंवा २००२चं ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड लागत असेल, तर एसडी आत शिरणारच नाही. मोठं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड, हे कुणी ठरवलं?

यापुढचं जरा जपून वाचा. इथं पैसे जातात आणि फोटोही जातात.

खोटी कार्डं. आत ८ जीबीची चिप आणि वर १२८चा छाप. कार्डातल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्यानं विचारलं, जागा किती? तो सांगतो १२८. पहिले ८ जीबी नीट भरतात. पुढचे फोटो आधीच्या फोटोंवर लिहिले जातात किंवा हवेत जातात. कॅमेरा कुरकुर करत नाही. घरी येऊन बघावं तर फोटोंची नावं ओळीनं दिसतात, त्यातले बरेचसे उघडत मात्र नाहीत.

पाकिटावरून ओळखू म्हणाल, तर पाकीट हुबेहूब छापणं हाच या धंद्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे. फॉरमॅट करूनही कळत नाही. उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडायचं. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि मॅक-लिनक्सवर ‘एफ-थ्री’ हे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात, तेही फुकट. वेळ लागतो, कधी दोन-चार तास. ते दोन-चार तास कार्ड आणलं त्या दिवशी द्या. मुंजीच्या आदल्या रात्री ते कुठून आणणार?

मात्र १२८च्या कार्डावर कॉम्प्युटरनं ११९ दाखवलं, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४नं. जागा तेवढीच आहे. ११९ला चोरी समजून ओरडणारा माणूस ८ला १२८ समजून निवांत झोपतो, चिंता त्याची आहे.

घेताना पक्कं बिल मागा. वॉरंटीसाठी ते लागतंच. पण वॉरंटी कशाची असते, तेही वाचा. कार्ड बिघडलं तर कार्ड बदलून मिळतं.

बारसं बदलून मिळत नाही.

बरं, मग शेवटी घ्यायचे किती जीबी? २४ मेगापिक्सेलचा जेपेग फोटो साधारण १० एमबीचा, रॉ फोटो २५ ते ३०चा. म्हणजे ६४ जीबीत सहा हजारांच्या आसपास जेपेग, नाहीतर दोन हजारांच्या वर रॉ. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ सुमारे ८५ मिनिटं. चार दिवसांच्या कोकण सहलीत सहा हजार फोटो कोण काढतं? आणि काढले तर बघणार कोण?

तरीही १२८ हवेच असतील तर घ्या. फक्त एका कार्डात घेऊ नका. ६४ची दोन घ्या. एक बिघडलं, हरवलं, चुकून पुसलं गेलं, तरी अर्धं लग्न हातात राहतं. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर सेटिंग बदला, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदम उतरेल. दुसरी खाच रिकामी ठेवून लग्नाची सुपारी घेणाऱ्या फोटोग्राफरला काय म्हणावं?

कार्ड घरी आलं की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. दिवा लुकलुकत असताना ते ओढू नका. फोटो चुकून पुसले, तर त्याच क्षणी कार्ड बाहेर काढा आणि एकही नवा फोटो काढू नका. पुसताना बहुतेक वेळा फोटोचा नुसता पत्ता खोडला जातो, फोटो जागेवर असतो. तो परत मिळवता येतो, पण वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तरच. फोटो खरे जातात ते पुसल्यानंतरच्या घाबरगुंडीत.

आता थोडा इतिहास. या कार्डांच्या आत जी फ्लॅश मेमरी असते, ती तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवलं. एका झटक्यात सगळं पुसलं जातं, ते पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. म्हणजे या तंत्राचं नाव पडलं ते पुसण्यावरून. आणि आपण त्याच्यावर लेकीचं पहिलं पाऊल ठेवून निर्धास्त झोपतो.

कार्डात फोटो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात बसलेले असतात. कार्ड वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं की तो भार हळूहळू झिरपतो. कार्ड म्हणजे पोस्टमनची पिशवी. पत्रं पोचती करायची, पिशवी रिकामी करायची. फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा, उघडून बघा आणि मगच कार्ड कोरं करा. पोस्टमनच्या पिशवीत कुणी पत्रं जपून ठेवतं का?

कॅमेरा सत्तर हजारांचा. लेन्स चाळीस हजारांची. त्यावर काच खरचटू नये म्हणून फिल्टर, पट्टा, बॅग. आणि कार्ड? ‘दाखवा एखादं स्वस्तातलं.’ या सगळ्या पसाऱ्यात पैसे देऊन परत आणता येणार नाही अशी एकच गोष्ट असते, आणि ती त्या स्वस्तातल्या कार्डात असते.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरपलीकडून ‘किती जीबी?’ आलं की लगेच उत्तर देऊ नका. पाकीट मागून घ्या. ठळक आकड्यावर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाचा. लिहिण्याचा वेग किती? ‘व्ही’पुढं काय? दांड्या किती? पक्कं बिल मिळेल ना? चारही उत्तरं पटली, की मग सांगा :

चौसष्टचं. दोन द्या.